डर्बी फायनलला स्टँडच्या मध्ये जाळी मारायची की नाही?

साइडलाइन

नमस्कार मंडळी. आमच्या फुटबॉल लीगची फायनल तीन आठवड्यांवर आली आहे आणि यंदा नेमके एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन संघ समोरासमोर आलेत, म्हणजे डर्बीच. मी मैदान समितीत नवा आहे, त्यामुळे प्रेक्षकांची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. (जुन्यांनी ती का टाळली ते आता कळतंय.)

मैदान असं: एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांचा लांबलचक स्टँड, बाकी तिन्ही बाजूंना दोरी आणि त्यापलीकडे पत्र्याचं कुंपण. प्रेक्षकांसाठी गेट दोन, स्टँडच्या दोन टोकांना एकेक. डर्बीला चार हजारांच्या आसपास लोक येतात, त्यात पाहुण्या संघाचे दीड हजार तरी असतात.

गेल्या वर्षी याच दोघांच्या मॅचला दुसरा गोल झाला आणि स्टँडच्या मधोमध जुंपली. बाटल्या उडाल्या. बारा-तेरा वर्षांच्या एका पोराच्या भुवईवर बाटली बसली, तीन टाके पडले. ते पोर कुठल्याच बाजूचं नव्हतं, मामाबरोबर नुसतं मॅच बघायला आलं होतं.

म्हणून समितीचं ठरलंय की स्टँडच्या मध्ये वरपासून खालपर्यंत दहा फुटी तारेची जाळी मारायची. एक गेट यांना, एक गेट त्यांना. ऐकायला बरं वाटतं, पण माझ्या पोटात गोळा येतोय आणि का ते मला सांगता येत नाही. जाळी बरोबर आहे का? मॅच संपल्यावर आधी कोणाला सोडायचं? आणि त्या पोरासारखे जे कोणाचेच नसतात त्यांना कुठे बसवायचं?

ऑफसाइड_कायमचा

कशाला एवढा खटाटोप? पाहुण्यांना तिकीटच देऊ नका. अर्जेंटिनानं २०१३ मध्ये हेच केलं, बाहेरच्या संघाच्या पाठीराख्यांना स्टेडियममध्ये बंदी. समोर कोणी नसलं तर भांडणार कोणाशी? विषय संपला.

गेटवरचा

ऑफसाइडराव, समोर कोणी नसलं तरी माणसं मरतात. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं मलांग, कांजुरुहान स्टेडियम. अरेमा विरुद्ध पर्सेबाया, म्हणजे पूर्व जावाची डर्बी. पर्सेबायाच्या पाठीराख्यांना आधीच मनाई होती, म्हणजे तुमचा उपाय तिथे पूर्ण लागू झालेला. अरेमा घरच्या मैदानावर २-३ हरले, काही लोक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही थेट स्टँडमध्ये. फिफाच्या नियमांत असा गॅस मैदानावर आणायलाच बंदी आहे. लोक दारांकडे पळाले. काही दारं बंद, काही जेमतेम उघडी. १३५ जण गेले. त्यात दोन पोलीस, बाकी जवळजवळ सगळे एकाच संघाचे.

साइडलाइन, तुमच्या पोटातला गोळा बरोबर जागी आहे. मी अठरा सीझन गेटवर उभा राहिलोय, पगारी नाही, हौशी. डर्बीत मारामारीला सगळे घाबरतात. मारामारीत डोकी फुटतात, टाके पडतात, वाईटच आहे ते. पण माणसं मेली ती बहुतेक दारात, जिन्यात आणि जाळीला चिकटून.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं आयब्रॉक्स स्टेडियम बघा. २ जानेवारी १९७१, रेंजर्स-सेल्टिक. यापेक्षा कडवी डर्बी शोधून सापडणार नाही. मॅच १-१ सुटली, कोणी कोणावर हात टाकला नाही, रेंजर्सचे लोक आपल्याच जिन्यानं घरी निघाले होते. तेरा नंबरचा जिना. कोणीतरी अडखळलं, मागचे त्याच्यावर, त्यांच्या मागचे त्यांच्यावर. ६६ मेले. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघे गेले होते. दहा वर्षं होती हो हातात. ब्युनोस आयर्सला २३ जून १९६८ रोजी रिव्हर प्लेट-बोका ज्युनियर्सच्या मॅचनंतर बारा नंबरच्या गेटशी ७१ जण चेंगरले, बहुतेक कोवळी पोरं. गेट नेमकं का अडलं यावर आजही वाद आहे. ते गेट पाहुण्यांना नेमून दिलेलं होतं. "एक गेट त्यांना" असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला पहिलं तेच आठवलं.

आता जाळी. मधली जाळी दोन तऱ्हांनी घात करते. एक, ती कच्ची असते. ब्रुसेल्सचं हेझेल स्टेडियम, १९८५: इंग्लंडच्या लिव्हरपूलच्या लोकांशेजारी जो भाग 'तटस्थ' प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवला होता, तिथली तिकिटं समोरच्या संघाच्या, इटलीच्या युव्हेंटसच्या पाठीराख्यांच्या हाती गेली. मध्ये साधी तारेची जाळी. ती आडवी झाली, लोक पलीकडे भिंतीकडे रेटले गेले, शेवटी भिंतही कोसळली. ३९ मेले. (तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे, त्याकडे येतो.) दोन, ती पक्की असते, आणि हे जास्त वाईट. इंग्लंडमधलं हिल्सबरो स्टेडियम, १५ एप्रिल १९८९. डर्बी नव्हती, पण शिकायचं ते तिथेच. पुढे जाळी, बाजूंना जाळ्या, म्हणजे स्टँडचे पिंजरेच केलेले. मधले पिंजरे तुडुंब आणि बाजूच्यांत जागा होती, पण माणसाला आडवं सरकताच येईना. ९७ जण गेले. ब्रिटनमधल्या पुढच्या जाळ्या त्यानंतर निघाल्या.

एकदा मीच त्यात सापडलोय. मॅच संपायला दहा मिनिटं असताना वळिवाची सर आली आणि अख्खा स्टँड एका गेटवर आला. गेटची एक बाजू उघडी, दुसरीला साखळी आणि कुलूप. किल्ली ज्याच्याकडे होती तो कॉर्नरफ्लॅगपाशी उभा राहून मॅच बघत होता. मी बाहेरून आत शिरायला गेलो आणि अडकलो. माझे पाय जमिनीवरून सुटले. उडी मारली नव्हती, नुसते सुटले. पुढच्या माणसाच्या खिशातलं पेन माझ्या बरगडीशी कडकन मोडलेलं ऐकू आलं, आणि तो माणूस हळू आवाजात नुसतं "अहो, अहो" म्हणत होता. ओरडायला छातीत हवाच नसते. मागचे मात्र हसत होते, गाणी म्हणत होते, पावसातून लवकर सुटायला ढकलत होते. त्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं. चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं गेली की गर्दी पाण्यासारखी वागते. कोणाची इच्छा चालत नाही, लाट येते आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. त्या दिवशी कुलूप फोडलं म्हणून निभावलं. आम्ही ते कोणाला सांगितलंही नाही, लाज वाटली.

पण वेगळं बसवू नका असं मी म्हणत नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान-ईस्ट बंगाल. एकाच स्टँडमध्ये दोन्हीकडचे मिसळून बसलेले. मैदानात रेफरीनं दोन खेळाडूंना बाहेर काढलं आणि वर स्टँडमध्ये पेटलं. १६ जीव गेले. वेगळे बसवायचेच. फक्त मध्ये तार न ठेवता रिकामी जागा ठेवा. स्टँडच्या मधला दहा-बारा फुटांचा पट्टा वरपासून खालपर्यंत मोकळा, दोन्ही काठांना कमरेएवढा दोर, आणि प्रत्येक तिसऱ्या पायरीवर एक स्वयंसेवक. त्याचं तोंड लोकांकडे, पाठ मैदानाकडे. बाटली त्या पट्ट्यावरूनही जाईल, म्हणून बाटल्या गेटवरच काढून घ्या. आणीबाणीत हाच पट्टा तुमचा रस्ता होतो. जाळी कधीच होत नाही.

बाहेर पडण्याचा हिशोब मात्र कागदावर करा, अंदाजानं नको. ब्रिटनमध्ये 'ग्रीन गाइड' नावाची मैदानांसाठीची मार्गदर्शिका आहे. तिच्या हिशोबानं सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावर ६६. आणि स्टँड आठ मिनिटांत रिकामा व्हायला हवा. टेप घेऊन गेटं मोजा. आपल्याकडचे सगळे "भरपूर मोठं आहे" म्हणतात.

आधी कोणाला सोडायचं? संख्येनं जे कमी त्यांना. दीड हजार लवकर निघून जातात, अडीच हजारांना थांबवणं मात्र जड जातं, म्हणून त्यांना बक्षीस समारंभात गुंतवा. आणि हरलेले जिंकलेल्यांच्या नाचातून जाणार नाहीत असा रस्ता हवा. गेटबाहेरचे पहिले दोनशे मीटर बघा, खरी जुंपते तिथे.

कोणाचेच नसलेल्यांसाठी: पट्ट्याशेजारी बसवू नका, तोच हेझेलचा धडा. दोन आगींमध्ये तटस्थ माणूस ठेवला की तो उशी होतो. त्यांना समोरच्या दोरीच्या बाजूला द्या, पोरंबाळं घेऊन येणाऱ्यांनाही तिथेच.

पाहुणी_प्रेक्षक

काका म्हणतात ते सगळं खरं, पण मी पलीकडच्या बाजूची आहे, मला थोडं बोलू द्या. मी आमच्या संघामागे गावोगाव फिरते. "पाहुण्यांना आधी सोडू" असं कागदावर लिहितात आणि ऐन वेळी आम्हालाच थांबवून ठेवतात. एकदा चाळीस मिनिटं ठेवलं होतं. कोणी एक शब्द बोललं नाही की का, किती वेळ, पुढे काय. पहिली दहा मिनिटं लोक शांत होते. मग कोणीतरी म्हणालं की बाहेर आपली बस फोडतायत. खोटं होतं, बसला ओरखडाही नव्हता. पण ते कळायच्या आत शंभर पोरं गेटवर धडकली. भांडायला नाही हो, बस वाचवायला.

थांबवा, हरकत नाही. पण दर पाच मिनिटांनी कोणीतरी कर्ण्यावरून खरं सांगा. "अजून दहा मिनिटं, बाहेरचा रस्ता मोकळा होतोय." बास. आणि सांगणारा आमच्याच संघाचा कोणी असला तर फारच उत्तम, यजमानांच्या माणसावर त्या क्षणी कोणाचा विश्वास बसत नाही.

अजून एक. झडती घ्यायला बायका ठेवा, एक नाही, तीन-चार. मागे एका मैदानावर आम्हा साठ-सत्तर बायकांना एकच होती. किक-ऑफ झाला, आतून आरडाओरडा ऐकू आला आणि रांगेचा चेंदामेंदा. बाहेर पडतानाच दाबतात असं नाही, आत शिरतानाही दाबतात. आणि पाहुण्यांच्या बाजूला स्वच्छतागृह आहे का ते बघा. नसलं तर लोक तुमचा तो मोकळा पट्टा ओलांडणारच, कितीही स्वयंसेवक उभे करा.

ऑफसाइड_कायमचा

कांजुरुहानमध्ये पाहुणे नव्हते हे खरंच माहीत नव्हतं. माझा विषय एवढ्यात संपत नाही असं दिसतंय.

साइडलाइन

काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. मोठं गेट तीन मीटर, पण त्याची एक बाजू वर्षानुवर्षं बंदच, मुळाशी गवत उगवलंय. म्हणजे दीड मीटर. दुसरं एक मीटर वीस सेंटीमीटर. पाहुण्यांना आम्ही तेच लहान देणार होतो. हिशोब केला: मिनिटाला अठ्ठ्याण्णव माणसं, दीड हजारांना पंधरा मिनिटांच्या वर. मोठ्या गेटच्या अर्ध्या बाजूतून यजमानांच्या अडीच हजारांना वीस मिनिटं. आणि पाऊस आला तर सगळे एकदम निघणार. समितीच्या बैठकीत मी हे आकडे वाचले तेव्हा कोणी काही बोललं नाही, खजिनदारांनी पंखा वाढवला.

आता ठरलं ते असं. जाळी रद्द, मोकळा पट्टा. मोठ्या गेटची बंद बाजू गवत काढून, बिजागऱ्यांना तेल घालून उघडायची, तिथून यजमान. लहान गेटशेजारचे कुंपणाचे दोन पत्रे काढले की दोन मीटर मिळतात, मिळून तीन मीटर वीस, तिथून पाहुणे. त्यांना सहा मिनिटं लागतील. यजमान मात्र तीन मीटरमधूनही दहा मिनिटांत निघतात, आठात बसत नाहीत. रोलर आत आणायचं मागचं गेट त्यांना दिलं तर?

ताई, तुमची दोन्ही कामं लिहून घेतली. पाहुण्यांच्या बाजूला स्वच्छतागृह नाही. फिरतं मागवतोय.

गेटवरचा

रोलरचं गेट अजिबात देऊ नका. ती ॲम्ब्युलन्सची वाट आहे, तिथे त्या दिवशी सायकलसुद्धा उभी राहता कामा नये. दोन मिनिटं जास्त होतायत तर रुंदी शोधत बसू नका, माणसं कमी करा. यजमानांची तिकिटं दोन हजारच छापा, आठ मिनिटांवर येता. मैदानात किती मावतात हा आकडा कामाचा नाही, बाहेर किती निघू शकतात तोच धरायचा. पाचशे लोक शिव्या घालतील, घालू देत. आणि तिकीट नसलेल्यांना मोठ्या गेटसमोर जमू देऊ नका, आधीच्या वळणावरच अडवा. गेटवर आलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही, मागून लोक येत असतात.

उघडलेल्या बाजूला कुलूप घालू नका, नुसती कडी, आणि कडी आतून. लोक तिकीट चुकवून आत शिरतील म्हणून कुलूप हवं असं कोणीतरी म्हणेलच, तर तिथे माणूस ठेवा. माणूस निवडताना एक बघा, त्याला फुटबॉलची आवड नको. आमच्या तीन नंबरच्या गेटवर असा एक आहे. बारा वर्षं झाली, अजून त्याला हाफटाइमला दोन्ही संघ बाजू का बदलतात ते माहीत नाही. पेनल्टीला सगळं मैदान उभं राहतं, हा कडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत असतो.