बातमीदार बाईच्या बातमीखाली घाण: पुसायची कुणी?

अनगोळची:
मैत्रीण इथं बेळगावातल्या एका न्यूज पोर्टलला बातमीदार आहे. उसाच्या काटामारीवर, म्हणजे वजनातल्या चोरीवर, व्हिडिओ केला. रात्रीत कमेंटींचा ढीग. मराठीत 'किती घेतेस', कन्नडात त्याहून घाण. सीमाप्रश्नावर एकमेकांचं तोंड न बघणारे इथं एका सुरात! एकानं तिच्या लेकीच्या शाळेच्या गेटचा फोटो टाकला, वर लिहिलं, 'पोरगी कितीला सुटते माहीत आहे.' संपादक म्हणाले, राहू दे, व्ह्यूज वाढतायत. माझं मत: पोलीस नंतर, आधी पोर्टलनं आपलं अंगण झाडावं.

शहापूरकर:
सीमाभागातल्या मराठी लोकांच्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची बातमी केली की मलाही दोन्हीकडून पडतात. या धंद्यात कातडी जाड हवी. आज शिवी पुसाल, उद्या टीका. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं आयटी कायद्याचं 66अ कलम 2015 ला सुप्रीम कोर्टानं उगाच रद्द केलं काय?

खानापूरची सून:
तुम्हाला 'विकला गेलास' म्हणतात, तिला दर विचारतात. एकच आहे होय हे? युनेस्कोच्या 2020 च्या पाहणीत 73 टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. त्यांची सगळ्यांची कातडी पातळ?

कोर्ट गल्ली:
महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2017 चा कायदा आहे. हद्दीपलीकडच्या शिनोळीला लागू, कर्नाटकातल्या बेळगावला नाही. तसा तो मारहाण-तोडफोडीचा, शिव्यांना फारसा उपयोगी नाही. इथं बीएनएस (भारतीय न्याय संहिता) बघा: अश्लील शेऱ्यांना 79, धमकीला 351, निनावी असेल तर 351(4) खाली जादा शिक्षा. सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर बीएनएसएसचं (नागरिक सुरक्षा संहिता) 173 दाखवा, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता तक्रार, घ्यावाच लागतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. कमेंटची लिंक, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ लिहून ठेवा. कोर्टात साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्रही लागतं.

शहापूरकर:
गेटचा फोटो गुन्हाच, मान्य. पण कमेंटी पुसायचा अधिकार त्याच संपादकाला द्यायचा? तो काटामारीवरच्या कमेंटी आधी पुसेल.

अनगोळची:
हे मात्र बरोबर बोललात. मग नियम लिहून भिंतीवर लावा की: धमकी आणि बाईच्या अंगावरची भाषा, एवढंच लपवायचं. आणि रात्री पेज कुणीतरी बघायचं, तिनं स्वतः नव्हे. सध्या रात्री दोनला तीच एकेक वाचत बसते.

कोर्ट गल्ली:
ती गेटवाली कमेंट कुणी पुसली नाही ना? लिंक लागेल.

अनगोळची:
कोण पुसतंय! आत्ताच बघितली. 33 लाइक आहेत.