मदत हवी आहे: फ्लूच्या लशीबद्दल आपल्याकडची आणि यंदाची माहिती कुठे पाहावी?

नमस्कार.

आम्ही पुण्यात राहतो. घरात ७१ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई, चार वर्षांची मुलगी, सात महिन्यांचा मुलगा आणि आम्ही दोघे आहोत. पावसाळ्यापूर्वी सर्वांनी फ्लूची लस घ्यावी, असे ठरवून मी माहिती जमवायला बसले आणि उत्तरांच्या ढिगाऱ्यात अडकले. पूर्वी अशा वेळी मुलांच्या डॉक्टरांना विचारून प्रश्न मिटत असे. आता घरातला प्रत्येक जण आधी चॅटबॉटला विचारतो आणि त्याचे उत्तर हातात घेऊन वाद घालायला येतो.

या उत्तरांतला बहुतेक मजकूर खोटा नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. तो कुठल्यातरी दुसऱ्या देशाचा किंवा मागच्या एखाद्या वर्षाचा असतो. उदाहरणार्थ, ‘लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावी’ हा सल्ला अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी बरोबर आहे. आपल्याकडे मात्र फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येते, दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते, आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत थांबणाऱ्याचा अख्खा पावसाळा लशीविना जातो. बरे, ‘भारतासाठी सांग’ असे बजावूनही काम भागत नाही, कारण श्रीनगरकडे ही लाट हिवाळ्यात येते आणि तिथले वेळापत्रक पुण्याला लागू पडत नाही.

दुसरे उदाहरण चार विषाणूंच्या लशीचे. ‘तीनपेक्षा चार विषाणूंची लस चांगली’ असे उत्तर आम्हाला अगदी ठामपणे मिळाले. काही वर्षांपूर्वी ते योग्यच होते. पण बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठेच आढळलेला नाही, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये त्याचा लशीत समावेश करण्याची गरज नसल्याचे सांगितले आणि अमेरिकेत २०२४-२५च्या हंगामापासून तीन विषाणूंचीच लस दिली जाऊ लागली. चॅटबॉटच्या उत्तरात यातले काहीही नव्हते, आणि उत्तर कोणत्या वर्षाच्या माहितीवर बेतलेले आहे याचाही उल्लेख नव्हता.

घरच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात सांगते. लशीमुळेच फ्लू होतो, असे सांगणारी एका नामवंत डॉक्टरांच्या आवाजातली ध्वनिफीत सासूबाईंना आली. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू निष्क्रिय केलेला असल्याने त्यापासून फ्लू होऊ शकत नाही, हे मी त्यांना समजावले. परंतु तो आवाज खरा की यंत्राने बनवलेला, हे ओळखण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नाही.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिची अडचण वेगळीच आहे. ‘सरकारी संकेतस्थळ पाहा’ हा आजवरचा हुकमी सल्ला तिला आता पुरत नाही, कारण जून २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या लसविषयक सल्लागार समितीचे सर्व १७ सदस्य हटवण्यात आले आणि ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारहून काही बाबतींत वेगळे असे स्वतःचे वेळापत्रक प्रसिद्ध केले.

आपल्याकडे फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे पोलिओ किंवा गोवरासारखी तिची आठवण कोणी करून देत नाही. म्हणून विचारते: दरवर्षी एकदा उघडून पाहावी अशी कोणती जागा आपण वापरता? दवाखान्यात पुढे केलेली लस यंदाचीच आहे, हे सामान्य माणसाने कसे ताडावे? आणि चॅटबॉटचा उपयोग करायचाच, तर तो कुठपर्यंत करावा?

प्रतिसाद:

मी औषधविक्रेता आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढील हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. सप्टेंबरच्या यादीवरून केलेली लस त्यापुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी आपल्या पावसाळ्याच्या तोंडावर उपलब्ध होते. त्यामुळे खोक्यावर ‘दक्षिण गोलार्ध’ असे छापलेले पाहून ‘ही आपल्यासाठी नाही’ म्हणत परत करणारे ग्राहक भेटतात. त्यांनी तसे करू नये. खोक्यावर वर्ष आणि विषाणूंची नावे असतात. ‘ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२’ यासारख्या नावातले शेवटचे वर्ष तो विषाणू सापडला तेव्हाचे असते, त्यावरून लस जुनी ठरवू नये. हंगामाचे वर्ष आणि वापराची अंतिम मुदत पाहावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठलेली लस निरुपयोगी होते, म्हणून ती घरी नेऊन ठेवण्यापेक्षा दवाखान्यातल्या फ्रिजमधूनच घेतलेली बरी.

पाहण्याच्या जागा थोड्याच आहेत. मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वेळापत्रक पाहावे. त्यात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दरवर्षी ही लस सुचवलेली आहे. विषाणूंच्या यादीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे पान पुरेसे आहे. सासूबाईंच्या बाबतीत त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाच विचारावे आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत बोलून घ्यावे. ती लस वेगळी आहे आणि दरवर्षी घ्यावी लागत नाही.

चॅटबॉटला ‘लस कधी घेऊ’ असे मोघम विचारण्याऐवजी वरच्यापैकी एखाद्या संस्थेचे मूळ पत्रक त्याच्यासमोर ठेवावे आणि ‘यातले मराठीत समजावून सांग, जे यात नाही ते सांगू नकोस’ असे म्हणावे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तो छान लिहून देतो. बाळाला किती डोस द्यायचे, हे मात्र त्याच्या भरवशावर ठरवू नये. ध्वनिफितीबाबत, तो आवाज कोणाचा याचा शोध घेण्यात वेळ घालवू नका. दावा काय आहे तेवढे पाहा आणि तोच दावा लेखी स्वरूपात कोणत्या संस्थेने केला आहे का, ते तपासा.

आपल्या मुलाला ही लस पहिल्यांदाच मिळणार असल्याने चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, कारण नऊ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी तसेच देतात. मुलीला याआधी किती डोस मिळाले आहेत, ते तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत पाहून डॉक्टरांना सांगा. जूनपूर्वी बाळाचे दोन्ही डोस व्हायला हवे असतील, तर पहिल्या डोसासाठी एप्रिलमधली वेळ आताच घेऊन ठेवा.