घरात शिरलेलं पाणी : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

त्रिमूर्तीनगरवाला (धागाकर्ता)

आमच्या हॉलच्या भिंतीवर दर जुलैत एक डाग उमटतो. सुरुवातीला विदर्भाएवढा असतो, सप्टेंबरपर्यंत त्याचा अख्खा महाराष्ट्र होतो. तीनदा रंग मारून झाला. पुट्टीचे पापुद्रे सोफ्यावर पडतात आणि पाहुणे सभ्यपणे दुसरीकडे बघतात. या वर्षी नीट काहीतरी करायचं म्हणतोय. तुमच्याकडे पाणी टपकलं, झिरपलं, शिरलं, काहीही असो, काय केलं आणि काय फसलं ते लिहा. ठेकेदारांचे नंबर नकोत, त्यावरून मग भांडणं होतात.

कॉर्पोरेशन कॉलनी, तळमजला

२३ सप्टेंबर २०२३. घरात महालक्ष्म्या बसलेल्या. आदल्या दिवशी जेवणाचा कार्यक्रम झाला होता, रात्री थकून झोपलो. मध्येच स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज यायला लागला. चोर वाटला. उठून पाय खाली टाकला तर गुडघ्यापर्यंत पाणी, आणि आवाज सिलिंडरचा. तरंगत दारावर आपटत होता. दारातून यायच्या आधीच पाणी न्हाणीच्या जाळीतून वर आलं होतं. चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहत होता, हे सगळं नंतर पेपरात वाचलं. जिला जन्मभर नाला म्हणत आलो ती नाग नदी आहे, हे मात्र त्याच रात्री कळलं.

यांनी आधी मेन स्विच पाडला, ते फार बरं केलं, कारण खालचे प्लग पॉइंट पाण्यात होते. मग सासूबाईंना वरच्या वहिनींकडे नेलं. त्या जिन्यात थांबून एकच म्हणत होत्या, "मुखवटे आणा गं." मुखवटे आणले. कोठ्या (मुखवट्यांखालची धडं) आणि साड्या तिथेच राहिल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या. त्या दिवशी विसर्जनच होतं तसं.

सकाळी पाणी ओसरलं आणि गाळ राहिला. तो ओला असतानाच वायपरने लोटून काढा. आम्ही पुढची खोली आधी घेतली, मागची दुसऱ्या दिवसावर टाकली. तिथला गाळ फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसला, खरवडून काढावा लागला. गाद्या फेकल्या. भिजलेली कापसाची गादी चार माणसांनाही उचलत नाही. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळ्यांचं किचन फुगून पावासारखं झालं. सासऱ्यांच्या वेळचा सागवानी दिवाण धुऊन सावलीत वाळवला, आजही त्याच्यावरच झोपतो.

कागदांचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. मार्कशीट, रजिस्ट्री, सगळं भिजलेलं. भाचा ग्रंथालयात आहे. तो म्हणाला, आज वाळवणं जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव, बुरशी थांबते. वहिनींच्या फ्रीजरमध्ये मटारच्या बाजूला आमची रजिस्ट्री आठवडाभर होती. मग थोडे थोडे कागद काढून, मध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवले. लॅमिनेट केलेली मार्कशीट मात्र गेली. कडेतून पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

सरकारचे १० हजार मिळाले. रंग मात्र होळीनंतर काढला. पाणी कमरेपर्यंत होतं, पण ओल भिंतीतून त्याच्याही वर हातभर चढली होती. ज्यांनी दिवाळीला रंगवलं त्यांच्या भिंती उन्हाळ्यापर्यंत सोलल्या.

मानेवाडा

आमच्याकडे तर भर मे महिन्यात ओल! पाऊस नाही, काही नाही, अन् बेडरूमची भिंत गच्च. वरच्याशी भांडण झालं, प्लंबरनं त्याची बाथरूम फोडली, काहीच नाही निघालं. शेवटी आमची आई म्हणे, "अरे, तो कूलर पाहून घे ना एकदा." खिडकीतल्या कूलरचा फ्लोट अडकून राहिला होता. टाकी भरून पाणी बारीक धारेनं सज्जावर, अन् सज्जाचा उतार घराकडे! म्हणजे पाणी आमचंच, अन् आम्ही वरच्याला शिव्या देऊन राहिलो होतो. बाथरूमच्या टाइल्सचे पैसे आमच्या खिशातून गेले. वरचे काका अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

मिस्त्रीकामातला माणूस

नागपुरात स्लॅब गळण्याचं अर्धं कारण उन्हाळा आहे. पारा पंचेचाळीसवर गेला की स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो. जिथे स्लॅब आणि कठडा भेटतात तिथे केसाएवढी भेग पडते. पहिला पाऊस तिथूनच आत येतो. म्हणून त्या कोपऱ्यात गोलाई करतात, आम्ही वाटा म्हणतो. तो फुटला असेल तर वरून कितीही महाग कोटिंग मारा, उपयोग नाही. काम झाल्यावर पन्हाळी बंद करून गच्चीवर दोनेक इंच पाणी दोन दिवस उभं ठेवायला लावा आणि मगच शेवटचा हप्ता द्या. जुन्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर, नवा कोबा चढवू देऊ नका, वजन स्लॅबलाच पेलायचं असतं. आतून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे घाम येतोय म्हणून पावडर लावणं.

काळ्या मातीवर घर असेल तर अजून एक. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया नीट नसला की भिंतीही तिच्यासोबत हलतात आणि दर वर्षी नवीन तडा दिसतो.

धंतोली

एका ओळीत : पाण्यात बुडालेली गाडी "बघू तरी" म्हणून स्टार्ट करू नका. मी केली. इंजिनात पाणी गेलं, आणि विम्यात इंजिनचं वेगळं कलम घेतलेलं नव्हतं.

प्रतापनगर

वरच्या फ्लॅटमधून टपकतं, पण ते मान्यच करत नाहीत. काय करावं?

मिस्त्रीकामातला माणूस

आधी त्यांना विनंती करून एक रात्र त्यांच्या टाकीचा कॉक बंद ठेवा. टपकणं थांबलं तर नळाची लाइन. नाही थांबलं तर त्यांच्या न्हाणीत होळीचा रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता. तुमच्या छताला गुलाबी डाग आला की पुढचं बोलणं सोपं जातं.

त्रिमूर्तीनगरवाला (धागाकर्ता)

वाट्याचं वाचून गच्चीवर गेलो. हॉलच्या बरोब्बर वर, सिंटेक्सच्या टाकीमागे, जिथे आम्ही कधी जातच नाही, तिथे वीतभर पिंपळ उगवलाय. ओढून पाहिला, हलत नाही. मुळं वाट्यात गेलीत. आई म्हणते पिंपळ तोडायचा नाही. मिस्त्री रविवारी येतोय. मुळासकट निघाला तर मारुतीच्या देवळामागे लावायचा, असं तूर्त ठरलंय.