मदत हवी आहे : पार्किन्सन्ससाठी ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विस्तारित आजारपण लाभ

नमस्कार. माझे मोठे बंधू जळगाव एमआयडीसीतील चटई कारखान्यात २१ वर्षे कामाला असून पार्किन्सन्समुळे त्यांना आता सदऱ्याची बटणेही वहिनींकडून लावून घ्यावी लागतात. वेतनाच्या ७० टक्के दराने मिळणारा आजारपण लाभ ९१ दिवसांत संपत आला आहे. ठरावीक ३४ आजारांसाठी पुढे ८० टक्के दराने विस्तारित लाभ मिळतो, त्या यादीत पार्किन्सन्स आहे आणि दोन वर्षांच्या नोकरीची अटही पूर्ण होते. अडचण सहीची आहे. या आजारात अक्षर बारीक होत जाते, त्यामुळे सही जुळत नाही म्हणून बँकेने परवाच त्यांचा धनादेश परत केला. (सही खरी, माणूस समोर उभा, तरीही!) अर्जावर अंगठा लावून सोबत न्यूरॉलॉजिस्टचे पत्र जोडल्यास चालते का? भुसावळ-धुळ्याकडील कोणी असा अर्ज केला असल्यास कृपया कळवावे.