विषय: भाचीचे २० तास, मेसची नोकरी सोडावी का?

प्रेषक: अनघा
मंडळी, उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय, म्हणून घाईत लिहितेय. भाचीला (दिवाळीत रांगोळी काढली तीच) भूगोल विभागात रिसर्च असिस्टंटचं काम मिळतंय, तासावर. शहराचे जुने सॅनबॉर्न नकाशे, आगीच्या विम्यासाठी घर न् घर दाखवलेले, ते जिओरेफरन्स करून (म्हणजे आजच्या नकाशावर नेमक्या जागी बसवून) इमारती डिजिटाइझ करायच्या. आठवड्याला १० तास. पण मेसमध्ये १२ तास आधीच लागलेत, मिळून २२ होतात, व्हिसावर परवानगी २०चीच. आणि मॅनेजर सेमिस्टरच्या मध्येच शिफ्ट कमी करायला तयार नाही. काय करावं?

प्रेषक: नितीन
दोन तासांचाच तर प्रश्न आहे. पैसे ८ तासांचे घ्यायचे, वरचं काम शिकायला म्हणून करायचं. नाहीतर एका आठवड्यात २२, पुढच्यात १८.

प्रेषक: मेधा
नितीन, हे असं लिस्टवर नको रे लिहूस, नवीन मुलं वाचतात. अमेरिकेत एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या सगळ्या नोकऱ्या मिळून आठवड्याला २०च तास. सरासरी चालत नाही, प्रत्येक आठवडा वेगळा मोजतात. आणि ज्या कामाला पगार आहे तेच फुकट केलं तरी ते कामच. यात व्हिसाचं स्टेटस जाऊ शकतं. सुट्टीत मात्र पूर्ण वेळ करता येतं. अनघाताई, तिला आजच इंटरनॅशनल ऑफिसात पाठवा.

प्रेषक: श्रीकांत
विद्यार्थ्यांचे प्रश्न आधी मदत समितीकडे पाठवायचे, हे सभेत ठरलेलं आहे. मेधाचं म्हणणं बरोबर. पण मेस सोडू नये असं माझं स्पष्ट मत. तिथे एक वेळचं जेवण सुटतं. रिसर्चचे पैसे ग्रँटवर, ग्रँट संपली की काम संपलं.

प्रेषक: नितीन
काका, समितीला मी ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या फर्निचरबद्दल लिहिलं होतं. अजून उत्तर नाही.

प्रेषक: सुहास
काकांचा मान राखून सांगतो, सोडायचीच वेळ आली तर मेस सोडावी. मी मिलवॉकीला विद्यार्थी असताना हेच काम केलंय. अमेरिकन जिओग्राफिकल सोसायटीची लायब्ररी १९७८मध्ये न्यूयॉर्कहून तिथे आली, तिच्यातल्या शीट्सवर. पहिल्याच आठवड्यात मी तीन कंट्रोल पॉइंट (जुन्या आणि आजच्या नकाशावरची एकच जागा जुळवणाऱ्या खुणा) दिले, एरर शून्य आला, खूश झालो. सीनियरने चौथा पॉइंट द्यायला लावला आणि अख्खी गल्ली सरकलेली दिसली. तीन पॉइंटवर साधं गणित नेहमीच जुळतं, चूक असली तरी! नदीचं वळण कधी धरायचं नाही, नदी जागा बदलते. चौकाचा कोपरा धरायचा. हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. शिवाय बऱ्याच विभागांत ट्यूशन माफीची अर्धवेळ असिस्टंटशिप देताना आधी तासावर काम केलेल्यांचा विचार होतो. ती मिळाली की तिचेच २० तास भरतात, तेव्हा मेस आपोआप सुटेल.

प्रेषक: मेधा
सुहास, विषय सोडून विचारते. तुझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एफच्या (मुळशीकडच्या भागाच्या) नकाशाच्या शीट्स आहेत ना? आमच्या आजेसासऱ्यांचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. धरणाआधीची शीट मिळाली तर गाव नेमकं कुठे होतं ते सासूबाईंना दाखवायचंय.

प्रेषक: सुहास
माझ्याकडच्या शीट्स धरणानंतरच्या आहेत, त्यात सगळं निळंच. १९२०च्या आधीची छापील आवृत्ती शोधावी लागेल. वेगळी मेल टाका, गावाचं नाव आणि शेजारची दोन गावं कळवा.

प्रेषक: श्रीकांत
नितीन, फर्निचर स्टोरेजमध्ये आहे, किल्ली खजिनदारांकडे. अनघा, तिची माहिती समितीला पाठवून ठेव.

प्रेषक: अनघा
सगळ्यांचे आभार. ती ऑफिसात जाऊन आली, मेधाने लिहिलं तेच त्यांनी सांगितलं. प्राध्यापक सत्र संपेपर्यंत ८ तासांवर तयार आहेत आणि उन्हाळ्यात पूर्ण वेळ घेणार. मेस मेपर्यंत ठेवतेय. टाइमशीटवर आठ लिहायचे तर काम आठच तास, हे मी तिला दोनदा बजावलंय. सुहास, चौथ्या पॉइंटचं तिला वाचून दाखवलं, ती तुला फोन करणार आहे. काका, माहिती पाठवते.