टर्नपाइकवर गाडी कोणाची अडवली जाते?

मूळ मत
एडिसन परिसरातल्या आपल्यापैकी अनेक मराठी मंडळींची न्यू जर्सी टर्नपाइक या टोल महामार्गावरून नित्य ये-जा असते, पण त्या रस्त्याचा इतिहास आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. एप्रिल १९९८मध्ये तिथे राज्य पोलिसांच्या दोघांनी एक व्हॅन अडवून गोळ्या झाडल्या आणि आतल्या चार निःशस्त्र कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांपैकी तिघे जखमी झाले. वर्ण पाहून गाड्या अडवल्या जातात, ही तक्रार खरी असल्याचे राज्याच्या ॲटर्नी जनरलनी पुढच्या वर्षी मान्य केले. माझे एक कृष्णवर्णीय सहकारी आजही गाडी सुरू करण्यापूर्वी लायसन्स आणि विम्याचा कागद खणातून काढून समोर ठेवतात, म्हणजे पोलिसाच्या देखत खणाकडे हात न्यायची वेळच येऊ नये. मला असे कधी सुचलेही नव्हते.

प्रतिसाद १
आपल्या सहकाऱ्यांची भीती खरी आहे, पण भीती म्हणजे पुरावा नव्हे. कृष्णवर्णीयांचा लोकसंख्येतील वाटा आणि अडवलेल्या गाड्यांतील वाटा शेजारी ठेवून भेदभाव सिद्ध होत नाही, कारण रस्त्यावर कोण किती वेगाने जातो हे त्यातून कळत नाही. याच टर्नपाइकवर रडार व कॅमेरे लावून केलेल्या आणि २००२मध्ये पुढे आलेल्या पाहणीत, ६५ मैलांची मर्यादा असलेल्या टप्प्यात कृष्णवर्णीय चालक १६ टक्के, पण अतिवेगाने जाणाऱ्यांत २५ टक्के आढळले होते. शिवाय रात्री वेगात जाणाऱ्या गाडीत कोण बसले आहे, हे पोलिसाला दिसते तरी का?

प्रतिसाद २
त्या पाहणीवर केंद्रीय न्याय खात्यानेच आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे होते. अंधाराचा तुमचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, कारण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नेमकी तीच कसोटी लावली. संध्याकाळच्या सातला उन्हाळ्यात उजेड असतो आणि हिवाळ्यात काळोख; घड्याळातली वेळ तीच ठेवून तुलना केली, तेव्हा चेहरा दिसेनासा झाल्यावर अडवलेल्या चालकांतील कृष्णवर्णीयांचा वाटा घटलेला दिसला. झडतीची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. न्याय खात्याच्या २०१५च्या अहवालानुसार मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात कृष्णवर्णीय चालकांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक वेळा घेतली जात होती, आणि तरीही त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी होते. यात वेगाचा संबंध कुठे येतो?

प्रतिसाद १
झडतीबाबत मी आपले म्हणणे मान्य करतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये, सबळ संशय असल्याशिवाय चालकाकडे झडतीची संमतीसुद्धा मागता येणार नाही, असे ठरवले, ते योग्यच झाले. परंतु फिलाडेल्फियाने काही किरकोळ दोषांसाठी गाडी अडवणेच २०२२पासून बंद केले, ते मला पटत नाही. मागचा दिवा फुटलेली गाडी अंधारात दिसली नाही, तर जीव जातो तो मागून येणाऱ्याचा.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
मिनेसोटात जुलै २०१६मध्ये फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय चालकाला मागच्या दिव्याचेच कारण सांगून थांबवले होते. त्याआधी त्या पोलिसाने वायरलेसवर, चालकाचे रुंद नाक एका दरोड्यातील संशयितासारखे दिसते, असे कळवले होते. आपल्याजवळ बंदूक असल्याचे कॅस्टिल यांनी स्वतःहून, शांतपणे सांगितले, आणि त्यानंतर काही सेकंदांत त्यांच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या व त्यात त्यांचा मृत्यू झाला; पुढे ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. दिव्यासाठी घरी पत्र पाठवता आले असते.