‘लव्ह अँड लीशेस’ : पट्टा बघून बंद केलात की शेवटपर्यंत पाहिलात?

रातराणी : नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये आलेला हा कोरियन सिनेमा मी काल पाहिला. ती जि-वू आणि तो जि-हू, दोघं एकाच ऑफिसात. नावं जवळजवळ सारखी म्हणून त्याचं पार्सल तिच्या हातात पडतं आणि आतून निघतो गळ्यात बांधायचा पट्टा. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांनी तिथेच ‘शी!’ करून बंद केला. मला मात्र ही फार सभ्य प्रेमकथा वाटली. ती हुकूम सोडणारी मालकीण, तो ऐकणारा ताबेदार, असा खेळ त्याला हवा असतो. त्यासाठी दोघं चक्क करार करतात, काय चालेल आणि काय नाही ते आधी ठरवतात. एरवी के-ड्रामातला हिरो मनगट धरून ओढत नेतो, तेव्हा आपण ‘सो क्यूट’ म्हणतो!

लवंगी_मिरची : सभ्य? अगं, त्याला हवा तो खेळ आणि तिला हवा तो माणूस. हुकूम ती सोडते, पण जीव तिचाच टांगणीला. हा बसलाय जुन्या प्रेयसीच्या जखमा कुरवाळत. अर्धा वेळ मी टीव्हीला सांगत होते, ‘बाई, दे सोडून त्याला!’

कट्टेकरी : दोघींनी इंग्रजी सबटायटल्स वाचली ना? तिथे सगळं ‘यू’. कोरियन ऑफिसात नावापुढे हुद्दा लावतात, क्रियापदंसुद्धा आदरार्थी. तो ‘देरी’, म्हणजे तिच्या वरच्या हुद्द्यावर. त्याला एकांतात ‘बानमल’मध्ये, म्हणजे आपल्या अरे-तुरेत, बोलायचं हीच खरी गंमत. चारचौघांत ‘अहो’ आणि खोलीत ‘ए गधड्या’ हे मराठी माणसाला कुणी समजावून द्यायला नको.

लवंगी_मिरची : हा मुद्दा मान्य. पण शेवट? खासगी बोलणं ऑफिसात फुटतं, समिती बसते आणि चौकशी यांच्या प्रेमाची! कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध तिथे जुलै २०१९ पासून कायदा आहे. बायकांनी गोड वागावं असं वाटणाऱ्या त्या टीमलीडरला आधी बसवा म्हणावं समितीपुढे.

रातराणी : मग तू सिनेमाच्याच बाजूनं बोलते आहेस की!

लवंगी_मिरची : मुळीच नाही. समितीपुढचं ते भाषण मी पळवत पाहिलं. जि-वू झालेल्या सोह्युनच्या त्या कोरड्या चेहऱ्यासाठी थांबले, बस.

पुणेरी_पाटी : मी आईबरोबर लावला होता. पट्टा निघाल्यावर ती पंधरा मिनिटं विचारत होती, ‘कुत्रा कधी येणार?’